मामीच्या डुकरिणीचं पहिलं वेत

दारात येऊन कुणी सुई टोचायला लागला, तर बाटलीवर काय लिहिलंय ते तुम्ही वाचता का? की पांढरा शर्ट आणि काळी बॅग बघून गप्प बसता?

मी वाचते. ही खोड मला घरातून लागली. शहापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा मोर्चाहून आले की त्यांच्या खिशांतून, पिशवीतून, कधी चपलेच्या पट्ट्यातूनही पत्रकं निघायची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. ‘निषेध’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी लिहिता यायचा. बाबांचा एक नियम होता. आधी छापलेलं वाचायचं, मग खाली बारीक अक्षरात कुणी छापलंय ते वाचायचं. छापणाऱ्याचं नाव नसेल तर तो कागद चुलीत जायचा. त्यामुळे आमच्या चुलीला कागदाची कमी कधी पडली नाही आणि मला कुणावर पटकन विश्वास ठेवायची सवय कधी लागली नाही.

माझी मामी मुरबाड तालुक्यात राहते. वस्ती आमच्याच लोकांची, बौद्धांची. गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे. मामा एका कंपनीत पाळीवर जातात. मामीनं कुठलंसं सरकारी प्रशिक्षण घेतलं आणि घरामागे पत्र्याची शेड घालून पांढरी डुकरं पाळायला सुरुवात केली. वस्तीत कुणी थुंकलं, कुणी नाक धरलं. माझे बाबा तर शहापूरहून खास भांडायला गेले. मी सोबत होते.

“आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं वढायचं सोडलं,” बाबा शेडच्या दारात उभं राहून म्हणाले. आत पाऊल टाकायला ते तयार नव्हते. “सोडलं तेव्हा गावानं पाणी तोडलं. तरी सोडलं. आणि वयनी, तुमी आता डुकरं धुताय?”

मामीच्या हातात पाण्याचा पाइप होता. ती म्हणाली, “दाजी, मेलेलं ढोर गावाचं होतं. ही जित्ती हायत नि माझी हायत. जरा बाजूला व्हा, पायावर पाणी येल.”

बाबा बाजूला झाले, पण पटलं त्यांना नव्हतंच. मला कोण बरोबर ते ठरवता येईना. आजही पूर्ण ठरवता येत नाही.

मामाही कंटाळले होते. कंपनीत डब्याच्या वेळेला माणसं त्यांच्यापासून लांब बसायची. शेवटी त्यांनी मामीला सांगितलं, “एक वेत बघू. पहिल्या वेताची पिल्लं जगली तर शेड राहील. नाय तर मी पत्रे उतरवून पडवीला ठोकणार.” मामी हो म्हणाली. तिनं स्वतः लहानाची मोठी केलेली एक डुकरीण तेव्हा गाभण होती. पहिलटकरीण. म्हणजे मामीचं सगळं त्या एका पोटात होतं.

भाताची झोडणी उरकली होती, हवेत चांगली थंडी होती. सकाळी मामीचा फोन आला. “गो बाय, ये. ती रात्रीपास्नं अडलीय.” शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणारी एस.टी. मी पकडली. पोचले तोवर व्याणं आटोपलं होतं आणि वारही पडली होती, पण शेडमध्ये आनंद कुठेच दिसत नव्हता.

मामीचा उजवा हात कोपरापर्यंत साबणानं आणि रक्तानं माखलेला होता. एक पिल्लू आडवं आलं होतं, ते तिनं हात घालून काढलं होतं. कोपऱ्यात बल्बखाली पेंढ्यात पिल्लं एकमेकांवर चढून थरथरत होती. आणि डुकरीण पालथी पडली होती. चारही पाय पोटाखाली, सगळे सड जमिनीला दाबलेले. मामी दोन पिल्लं उचलून तिच्या पोटाशी न्यायची, की ती एकदम उठायची, गरगर फिरायची आणि धपकन बसायची. त्या बसण्याखाली दोन पिल्लं आधीच गेली होती. मामीनं ती पाटीत फडक्याखाली ठेवली होती.

मामीनं तिच्यासाठी तांदळाची पेज केली होती, गूळ घालून, बाळंतिणीला करतात तशी. डुकरिणीनं तोंडही लावलं नव्हतं. ती दात खात होती. करकर असा आवाज येत होता. मागची मांड मधूनच थरारायची.

शेजारच्या दोघीतिघी कुडाबाहेरून बघत होत्या.

“आईपणच नाय तिच्यात,” एक म्हणाली.

“पोरांवर बसते गो! असली कसली आय?”

“पयल्या येळंला असंच. माज असतो.”

माझं डोकं तडकलं. रात्रभर जिच्या पोटात हात गेलाय, तिला सकाळी माज? मी वळून काही बोलणार तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

आलेला माणूस औषधं विकायचा. शिक्षण काय, कुणाला माहीत नाही. आसपासच्या गावांत त्याला डॉक्टर म्हणतात आणि तो हाक आली की वळतो. मामीनं त्याला बोलावलं नव्हतं. वस्तीतून कुणीतरी कळवलं असणार. त्यानं आधी माझ्या हातात एक पत्रक ठेवलं. गुळगुळीत कागद, वर गुबगुबीत गुलाबी पिल्लांची रांग आणि लाल अक्षरं: एक सुई, भरघोस पिल्ले. मी उलटून खाली बघितलं. छापणाऱ्याचं नाव नव्हतं.

त्यानं शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेली सिरिंज काढली. आधीच भरलेली.

“काय आहे त्यात?” मी विचारलं.

“दुखणं थांबायचं. तिला दुखतंय. दुखणं थांबलं की ती आडवी होणार, आडवी झाली की पिल्लं पिणार.”

“औषधाचं नाव काय?”

“ताई, नाव घेतल्यानं डुक्कर बरं होतं काय?”

कुडाबाहेरच्या बायका हसल्या.

“बाटली दाखवा.”

“बाटली बॅगेत हाय.”

“मग बॅग उघडा.”

तो मामीकडे वळला. “भाची वकील हाय काय तुमची?”

“नाय,” मामी म्हणाली. “वाचते लय. उघडा तुमी.”

बाटलीवरची चिठ्ठी नखानं खरवडलेली होती, पण पूर्ण नाही. उरलेल्या अक्षरांवरून नाव लागत होतं. डायक्लोफेनॅक. माणसांच्या दुकानातलं. हे नाव मला शाळेत असल्यापासून माहीत होतं, तेही एका पत्रकामुळेच. जनावरांना हे औषध द्यायचे, ती जनावरं मेल्यावर गिधाडं त्यांना खायची आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आपल्या देशातली गिधाडं त्यानं जवळजवळ संपवली. म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आहे.

मी हे सगळं त्याला सांगितलं. आवाज चढला होता माझा.

“गिधाडं?” तो म्हणाला. “इथं कुठं हायत गिधाडं? दाखवा एक तरी.”

“नाहीत. ह्याच्यामुळंच नाहीत.”

त्यानं सिरिंज परत कागदात गुंडाळली, खिशात ठेवली. जाताना म्हणाला, “वाचत बसा मग पिल्लांना.” मोटरसायकल ओढ्यापलीकडे गेली. बायकाही पांगल्या.

मला वाटलं मामी शाबासकी देईल. ती पाइप गुंडाळत होती. “घालवलास ते बरं केलंस,” ती म्हणाली. “पण हिचं काय?”

तिचं बरोबर होतं. चोर होता तो, पण सकाळपासून तिथं आलेल्यांपैकी ‘तिला दुखतंय’ हे वाक्य फक्त तोच बोलला होता. विकायला का असेना. त्याची सुई खोटी म्हणून तिचं दुखणं खोटं ठरत नव्हतं.

मी मुरबाडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डुकरासाठी कोण येतंय, असं मनात धरूनच लावला. गाय म्हणावं का, असाही विचार आला. मामी म्हणाली, “खोटं नको बोलूस. मग आल्यावर तोंड वाकडं करतील ते वेगळंच.” मी खरं सांगितलं, बाटली वाचून सुईवाल्याला घालवल्याचंही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, किती वेळ अडली होती, वार पडली का, पिल्लांनी चीक प्यायला का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “पिल्लांना गरम ठेवा. मी येते.” फोन ठेवल्यावर मी मामीला म्हटलं, “नाही येणार.”

दुपारी त्या स्कूटीवर आल्या. माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. चपला बाहेर काढून त्यांनी गमबूट घातले, डुकरिणीशी काहीतरी पुटपुटत तिच्या मागे बसल्या. ताप बघितला. हातमोजा घालून आत आणखी पिल्लू राहिलंय का ते तपासलं. मग पालथ्या पोटाखाली हात सरकवून कास चाचपली. डुकरिणीनं दात वाजवले, त्या हलल्या नाहीत.

“ताप नाही. कास दगडासारखी झालेली नाही. आत काही राहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हिला दुखतंय. अवघड गेलंय बाळंतपण. आडवं झालं की दुखतं, पिल्लू सडाला लागलं की दुखतं, म्हणून पालथी पडते.”

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बाटली माझ्याकडे दिली. “वाचा. फोनवर कळलंच मला.” मेलोक्सिकॅम, दुखणं कमी करणारं. जनावरांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं, तारीख धड, बनवणाऱ्याचं नाव धड. मी खोक्यातला कागदही उलगडून बघितला. त्यांनी कानामागे मानेत सुई दिली.

तरी माझी शंका होतीच. “हे दुधातून पिल्लांना जाईल ना?”

“थोडं जाईल. त्यानं काही बिघडत नाही. चीक मिळाला नाही तर मात्र सगळं बिघडेल. पहिल्या दिवसाचा चीक हाच त्यांचा रोगापासून बचाव. ती आडवी झाली रे झाली की लावा पिल्लं.”

“आणि सुईनं ती आडवी होईलच?”

त्या हसल्या. “मी औषध विकत नाही, त्यामुळे ‘होईलच’ म्हणत नाही. पुष्कळदा फरक पडतो. अवघड गेलेलं असेल तर जास्त. कधी पिल्लं चांगली वाढतात, कधी काहीच फरक दिसत नाही. वाट बघा.”

हे उत्तर मला आवडलं. म्हणून त्याच्यावरही थोडा संशय आला. इतकं सरळ बोलून कुणाचा काय फायदा?

त्या गेल्यावर मामी आणि मी पाटीतली दोन पिल्लं पुरायला ओढ्याकडे गेलो. मामीला ती उघड्यावर टाकायची नव्हती. खोल खड्डा घेतला, वर चुना टाकला, दगड ठेवले. खणताना मामी मध्येच थांबली आणि म्हणाली, “मी पोराच्या येळंला वरडले, तर दवाखान्यातली बाई काय बोलली माहीत हाय? मजा करताना बरी नाय वरडलीस.” दवाखाना कुठला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. “दुसऱ्या येळंला मी तोंडात पदर कोंबला. सगळे म्हनले, बघा कशी गुणाची.” आणि परत खणायला लागली.

परत आलो तर शेडमधून कल्लोळ ऐकू येत होता. आम्ही धावलो.

बाबा शेडमध्ये होते. आत. दोन पिल्लं गेल्याचं त्यांना शहापुरात कळलं होतं आणि ‘आता तरी बंद करा’ हे सांगायला ते पुढची एस.टी. धरून आले होते. बोलायला कुणी दिसलं नाही. दिसला तो खोक्यातला कागद, मी उलगडून खिडकीत ठेवलेला. आमच्या बाबांपुढे छापलेला कागद ठेवायचा आणि त्यांनी तो वाचायचा नाही, हे होणं नाही. त्यात लिहिलं होतं की औषध दिल्यावर अमुक दिवस जनावराचं दूध वापरू नये. खाली छापणाऱ्याचं नावही होतं. मग काय! बाबांनी भिंतीला टेकवलेली फळी उचलली, पिल्लांच्या कोपऱ्यासमोर आडवी लावली आणि तिला गुडघा टेकून राखण करत उभे राहिले.

फळीमागे पिल्लं किंचाळत होती. आणि फळीच्या अलीकडे डुकरीण कुशीवर आडवी झाली होती. पाय सैल सोडलेले, सडांची रांग उघडी. ती घशातून एका लयीत हुंकारत होती, हळू, मग भरभर, मग पुन्हा हळू. पिल्लांना बोलावतात तशी. सकाळपासून पहिल्यांदा बोलावत होती आणि मध्ये माझे बाबा उभे होते.

“दाजी, फळी काढा!”

“वयनी, हात लावू नका. छापलंय इथं. दूध वापरू नये.”

“कुणी वापरू नये?”

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “ते... ते नाय लिहिलेलं.”

“मग मी लिवते. माणसानं वापरू नये. मी काय हिच्या दुधाचा च्या करणार हाय?”

“पण पिल्लं तर आणखी लहान. माणसाला चालत नाही ते पिल्लांना कसं चालेल? हा तर साधा विचार आहे.”

बाबांचा हा ‘साधा विचार’ मोर्चात मी कितीदा ऐकला होता. तिथं तो बरोबर असायचा. मी डॉक्टरबाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काय झालंय ते सांगितलं. पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता.

“काका,” त्या ओरडल्या, “तो नियम गाईच्या दुधाचा आहे, डेअरीत घालायच्या! फळी काढा आधी! ती परत पालथी झाली तर तुम्ही जाणार आहात का पाजायला?”

मामी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. बाबांनी फळी बाजूला केली. पिल्लं धडपडत, एकमेकांना तुडवत पोटाला लागली. डुकरीण शहारली. मागचा पाय ताणला. ती उठली नाही. मग पिल्लांचं ओरडणं थांबलं आणि नुसता चोखण्याचा आवाज उरला.

एक बारकं मागेच राहिलं होतं. पेंढ्यात अडकून नुसतं तोंड हलवत होतं. मामी पलीकडच्या बाजूला होती, मी फोन धरून. बाबांनी इकडेतिकडे बघितलं, वाकले आणि ते उचलून मोकळ्या सडाला लावलं. सड तोंडातून निसटायचा, बाबा परत लावायचे. बराच वेळ ते तसेच उकिडवे बसून होते. कुणी काही बोललं असतं तर त्यांनी हात काढून घेतला असता.

उरलेली सगळी पिल्लं जगली. ते बारकंही. मामांनी शेडचे पत्रे उतरवले नाहीत. सुईनं झालं की पोटातली आग आपोआप शमली, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरबाईही सांगत नाहीत. मी एवढंच बघितलं की दिवसभर पालथी असलेली ती सुईनंतर आडवी झाली आणि तिनं बोलावलं.

नंतर एकदा मामीच्या शेडवर डॉक्टरबाईंची गाठ पडली. त्या म्हणाल्या, “तू लिहितेस ना? ह्याच्यावर एक पत्रक लिहून दे. पण सुरुवात पिल्लांपासून कर. पिल्लं जगतील, वजन वाढेल. तरच लोक वाचतील.”

मी लिहायला बसले आणि पेन अडकलं. लाल अक्षरांतलं ते गुळगुळीत पत्रकही पिल्लांपासूनच सुरू होत होतं. चोराचं आणि चांगल्या बाईचं पहिलं वाक्य एकच कसं? मला त्या वाक्याचाच संशय आहे. पिल्लांचं वजन वाढलं तरच आईचं दुखणं खरं. वाढलं नाही तर? डॉक्टरबाईच म्हणाल्या होत्या की कधी फरक दिसत नाही. त्या दिवशी मग तिनं दात खात पडून राहायचं? मामीनं तोंडात पदर कोंबला तेव्हाही मुलगा चांगला सुदृढ झाला होता. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं.

मामीला मी हे बोलून दाखवलं. ती शेडमधली घाण, मूत, पेंढा खोऱ्यानं ओढत होती. “वजनाचं लिव तू,” ती म्हणाली. “लोकांना तेच कळतं. त्या निमतानं तिला सुई मिळाली तर तिचं काय वाईट झालं?”

“पण मामी, ते खरं कारण नाही.”

“मग खरं आधी लिव. नि वजनाचं खाली. बारीक अक्षरात.”

तसंच लिहिते आहे. पिल्लांना फायदा होतो, पुष्कळदा होतो: आई आडवी होते, चीक वेळेवर मिळतो, चिरडणं टळतं. हे झालं खालचं, बारीक अक्षरातलं.

वरचं हे. तुमच्या गोठ्यात, शेडमध्ये, शेजाऱ्याच्या कुडामागे एखादी व्याली आणि अवघड गेलं, ती दात खातेय, पोट लपवतेय, पिल्लाला झिडकारतेय, तर ‘माज आलाय’ म्हणणाऱ्याला गप्प करा. घरातली माणसांची गोळी तिला घालू नका. त्याच घटकेला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात फोन करा आणि पहिलं वाक्य एवढंच बोला: हिला दुखतंय, या. पिल्लं किती, हे त्यांनी विचारलं तरच सांगा.